एकवीस फूट, दीड सेकंद आणि त्याआधीची दहा मिनिटं

आज सुरुवातीलाच एक घरगुती प्रयोग. मोजपट्टी घेऊन गच्चीवर एकवीस फूट मोजा. मीटरमध्ये सांगायचं तर साधारण ६.४ मीटर. एका टोकाला तुम्ही उभे राहा, दुसऱ्या टोकाला भावाला किंवा मैत्रिणीला उभं करा आणि सांगा, मनात येईल तेव्हा माझ्याकडे पळत ये. मोबाइलवर वेळ मोजा. समोरचा माणूस धडधाकट असेल तर तो साधारण दीड सेकंदात तुमच्यापाशी पोचतो. आता कल्पना करा की त्याच्या हातात सुरा आहे आणि तुमचं पिस्तूल अजून कमरेच्या होल्स्टरमध्येच आहे.

हा प्रयोग जुना आहे. अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीच्या पोलीस दलात डेनिस ट्यूलर नावाचे अधिकारी नव्या भरतीच्या पोलिसांना नेमबाजी शिकवायचे. समोरचा माणूस सुरा किंवा दांडका घेऊन उभा असेल तर तो किती जवळ आल्यावर त्याला धोका मानायचं, असा प्रश्न वर्गात आला. ट्यूलर यांनी तो प्रत्यक्ष करून पाहिला. पिस्तूल काढून सात यार्डांवरच्या लक्ष्यावर दोन गोळ्या मारायला सराव असलेल्या पोलिसाला सुमारे दीड सेकंद लागतो. तेवढ्याच वेळात सात यार्ड, म्हणजे एकवीस फूट, माणूस धावून जातो. मार्च १९८३ मध्ये पोलिसांसाठी निघणाऱ्या एका मासिकात त्यांनी हे लिहिलं. लेखाच्या शीर्षकाचा अर्थ होता, ‘किती जवळ म्हणजे फार जवळ?’

तुम्ही विज्ञान शिकला असाल तर तुमच्या डोक्यात लगेच पुढचा प्रश्न आला असेल: अटी काय होत्या? प्रयोगशाळेतून आकडा बाहेर पडतो तेव्हा त्याच्यासोबत अटींचं गाठोडंही यायला हवं. इथल्या अटी बघा. पिस्तूल होल्स्टरमध्ये आहे. पोलीस जागेवर उभा आहे. दोघांच्या मध्ये काही नाही. हल्लेखोर सरळ रेषेत येतोय. यातली एकही अट बदलली तर उत्तर बदलतं. मध्ये गाडी उभी असेल तर तिला वळसा घालावा लागतो, म्हणजे वेळ वाढला. पोलीस मागे किंवा बाजूला सरकत असेल तर वेळ वाढला. पण दुसऱ्या बाजूनेही बघायला हवं. वर्गातला पोलीस तयारीत असतो, रस्त्यावरचा दचकलेला असतो. शिवाय गोळी लागलेला माणूस सिनेमातल्यासारखा जागच्या जागी कोसळतोच असं नाही. म्हणजे काही वेळा एकवीस फूटसुद्धा कमीच. पोलिसाची भीती खोटी नाही, हे आधी मान्य करूनच पुढे जाऊ.

ट्यूलर यांच्या लेखातला सल्ला मात्र पुढे बऱ्याच जणांच्या लक्षात राहिला नाही. सावध राहा, धोका लवकर ओळखा म्हणजे झटापटच टाळता येईल. माघार घेता आली तर बहुधा तेच उत्तम. नाहीतर आडोसा गाठा, असं त्यांनी लिहिलं होतं. हा आकडा त्यांनी धोक्याची खूण म्हणून दिला होता. रस्त्यावर ‘पुढे वळण आहे, वेग कमी करा’ अशी पाटी असते, तसा.

१९८८ मध्ये धारदार शस्त्रांपासून जीव कसा वाचवायचा यावर पोलिसांसाठी एक प्रशिक्षणपट आला. तो देशभरातल्या पोलीस अकादम्यांमध्ये दाखवला गेला आणि आकडा घराघरात, म्हणजे ठाण्याठाण्यात, पोचला. वाटेत त्याचं नाव बदलून ‘एकवीस फुटांचा नियम’ झालं. खुद्द ट्यूलर यांनी त्याला कधी नियम म्हटलं नव्हतं. पण ऐकीव ज्ञानाचं असंच होतं. ‘इतक्या अंतरावर तुला धोका आहे, म्हणून आधीच सरक’ हे वाक्य हळूहळू ‘इतक्या अंतरात आला तर गोळी घालायला हरकत नाही’ असं ऐकू येऊ लागलं. मोजमाप तेच राहिलं, अर्थ उलटा झाला.

त्याच सुमाराला न्यायालयांतही काही घडत होतं. १९७४ मध्ये मेम्फिस शहरात एका घरफोडीनंतर कुंपणावर चढून पळणाऱ्या १५ वर्षांच्या मुलाला पोलिसाने मागून गोळी घातली. मुलगा निःशस्त्र आहे याची त्या पोलिसाला बरीचशी खात्री होती. मुलाकडे दहा डॉलर आणि एक पर्स सापडली. राज्याच्या कायद्याप्रमाणे ती गोळी कायदेशीर होती! या प्रकरणात, म्हणजे ‘टेनेसी विरुद्ध गार्नर’ खटल्यात, १९८५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नुसतं पळून जाणं हे जीव घ्यायला कारण होऊ शकत नाही. त्या माणसापासून गंभीर धोका असल्याचं सबळ कारण हवं. हे मोठं पाऊल होतं.

चार वर्षांनी ‘ग्रॅहम विरुद्ध कॉनर’ हा निकाल आला. पोलिसाने वापरलेलं बळ योग्य होतं का, हे त्या जागी, त्या क्षणी उभ्या असलेल्या समंजस पोलिसाच्या नजरेतून पाहायचं, मागाहून सुचलेल्या शहाणपणातून नाही, असं न्यायालयाने ठरवलं. क्षणार्धात निर्णय घ्यावे लागतात, हेही निकालात आलं. हे न्याय्यच वाटतं ना? मलाही वाटतं. खुर्चीत बसून रस्त्यावरच्या माणसाचा न्याय करणं सोपं असतं. पण याचा एक परिणाम असा झाला की सगळा प्रकाशझोत शेवटच्या क्षणावर पडला. तो दीड सेकंद आला कुठून, हा प्रश्न अंधारात राहिला.

तो प्रश्न ज्याने नेटाने विचारला तो माणूस आधी स्वतः पोलीस होता. जेम्स फाईफ यांनी न्यूयॉर्क पोलीस दलात सोळा वर्षं काढली आणि नोकरीत असतानाच पीएचडी केली. (आपल्यापैकी जे नुसत्या फेलोशिपवर पीएचडी करताना दमतात, त्यांनी इथे क्षणभर थांबावं.) त्यांच्याकडे प्रयोगासाठी आयती परिस्थिती होती. १९७२ मध्ये न्यूयॉर्क पोलिसांनी गोळीबाराचे नियम कडक केले होते. इशाऱ्यादाखल हवेत गोळ्या झाडणं बंद, धावत्या गाड्यांवर गोळीबार जवळजवळ बंद आणि झाडलेल्या प्रत्येक गोळीची वरिष्ठांच्या मंडळापुढे तपासणी. फाईफ यांनी नियमाच्या आधीच्या आणि नंतरच्या नोंदी काढून तुलना केली. गोळीबाराच्या घटना सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाल्या होत्या. आणि ज्याची सगळ्यांना भीती होती, की हात बांधले तर पोलीस मरतील, ते झालं नाही. पोलिसांच्या जखमा आणि मृत्यूही वाढले नव्हते, कमी झाले होते. लांबचा हिशोबही सांगते. १९७१ मध्ये न्यूयॉर्क पोलिसांच्या गोळीने ९३ माणसं मेली, २०१० मध्ये ८. या चाळीस वर्षांत गुन्हेही खूप उतरले, त्यामुळे सगळं श्रेय नियमांना देता येणार नाही. पण १९७२ नंतरची घसरण मात्र गुन्हे उतरण्याच्या कितीतरी आधीची आहे.

पुढे १९८६ मध्ये फाईफ यांनी या विचाराला नाव दिलं: क्षणार्धाचा आजार. आजार असा की, पोलीस एखाद्या प्रसंगात घाईने, एकटा, आडोशाशिवाय घुसतो. मग समोरच्याच्या हाताच्या अंतरावर पोचल्यावर त्याच्याकडे खरोखरच एक क्षण उरतो. आणि चौकशी फक्त त्या क्षणाची होते. त्या क्षणी दुसरा पर्याय नव्हता हे खरंच असतं. पण पाच मिनिटांपूर्वी चार पर्याय होते.

तर डी-एस्कलेशन, म्हणजे चिघळत चाललेला प्रसंग निवळवणं, याचा इतिहास हा त्या आधीच्या मिनिटांचा इतिहास आहे. त्याची एक सुरुवात याच न्यूयॉर्कमध्ये दिसते. सप्टेंबर १९७२ मध्ये म्युनिक ऑलिंपिकमध्ये ११ इस्रायली खेळाडू आणि प्रशिक्षक मारले गेले. त्यातले बहुतेक सुटकेच्या फसलेल्या कारवाईत. ते पाहून न्यूयॉर्क पोलिसांनी ओलीस प्रसंगांसाठी योजना आखायला घेतली. मानसशास्त्रात डॉक्टरेट असलेले हार्वे श्लॉसबर्ग हे त्यांच्याच दलातले डिटेक्टिव्ह त्यात होते. काही महिन्यांतच परीक्षा झाली. जानेवारी १९७३ मध्ये ब्रुकलिनमधल्या खेळसाहित्य आणि बंदुका विकणाऱ्या एका दुकानात चार जण शस्त्रं लुटायला शिरले आणि ग्राहकांना ओलीस धरून बसले. सुरुवातीच्या गोळीबारात एक पोलीस मारला गेला. आपला माणूस गेलाय, आत बंदुकांचा साठा आहे, बाहेर शेकडो पोलीस आहेत. अशा वेळी हात किती शिवशिवत असतील! तरी त्यांनी दुकानाला वेढा घातला आणि थांबले. ४७ तास. त्या दरम्यान ओलीस छताच्या वाटेने निसटले आणि शेवटी चौघेही शरण आले. त्याच वर्षी श्लॉसबर्ग आणि फ्रँक बोल्झ यांनी वाटाघाटी करणाऱ्या पोलिसांचं खास पथक उभं केलं.

यामागचं मानसशास्त्र सोपं आहे. भीती आणि राग यांची शारीरिक भरती कायम टिकत नाही. माणूस थकतो, त्याला भूक लागते, लघवीला लागते, तो बोलायला लागतो. वेळ जाऊ दिला की डोकं पुन्हा चालायला लागतं. त्याचंही आणि पोलिसांचंही.

पण ओलीसनाट्यं रोज घडत नाहीत. रोज घडतं ते वेगळंच: घरात मुलगा सुरी घेऊन बसलाय आणि आईने पोलिसांना फोन केलाय. सप्टेंबर १९८७ मध्ये मेम्फिसमध्ये, म्हणजे गार्नर प्रकरणाच्याच शहरात, नेमकं हे घडलं. २७ वर्षांचा एक कृष्णवर्णीय तरुण, मानसिक आजाराचा इतिहास असलेला, चाकूने स्वतःलाच जखमा करत होता. आईने मदत मागितली. आलेल्या पोलिसांनी ‘चाकू टाक’ म्हणून सांगितलं, त्याने टाकला नाही, गोळ्या झाडल्या गेल्या आणि तो मेला. मदतीसाठी केलेल्या फोनने मुलगा गेला. शहर पेटून उठलं.

मेम्फिसने यातून जे केलं ते आज ‘मेम्फिस मॉडेल’ म्हणून ओळखलं जातं. पोलीस, मानसिक रुग्णांच्या कुटुंबीयांची संघटना आणि विद्यापीठातले तज्ज्ञ एकत्र बसले. १९८८ मध्ये स्वेच्छेने पुढे आलेल्या पोलिसांना ४० तासांचं प्रशिक्षण मिळू लागलं. आजार कसे दिसतात, भ्रम झालेल्या माणसाशी कसं बोलायचं, रुग्णांचं आणि त्यांच्या घरच्यांचं म्हणणं काय, हे सगळं त्यात होतं. विचार करा, एखाद्याच्या कानात आधीच आवाज घुमताहेत आणि त्यात चार पोलीस चार दिशांनी ओरडताहेत. तो नेमकं कुणाचं ऐकणार? म्हणून एकाने बोलायचं, बाकीच्यांनी गप्प राहायचं. हळू आवाजात बोलायचं, नाव विचारायचं, अंतर ठेवायचं. आणि तितकंच महत्त्वाचं: रुग्णाला आणल्यावर तो ताटकळत न ठेवता दाखल करून घेणारं रुग्णालय. ते नसेल तर पोलिसाला कोठडीशिवाय रस्ताच उरत नाही.

आता संशोधनाच्या ब्लॉगवर हेही सांगितलंच पाहिजे: हे मॉडेल हजारो ठिकाणी पसरलं, त्याने पोलिसांची समज आणि दृष्टिकोन सुधारतो हे बऱ्याच अभ्यासांत दिसलं, पण जखमा आणि मृत्यू कमी होतात का, यावर पुरावा बराच काळ तोकडाच राहिला. चांगली कल्पना आणि सिद्ध झालेली कल्पना या दोन वेगळ्या गोष्टी.

यातला मोठा तुकडा २०१५ नंतर जोडला गेला. ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने त्या वर्षापासून पोलिसांच्या गोळीने मेलेल्या प्रत्येकाची नोंद ठेवायला घेतली आणि अमेरिकेत हा आकडा वर्षाला सुमारे एक हजार निघाला. साधारण सहांपैकी एकाच्या हातात सुरा होता. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात न्यू जर्सीतल्या कॅम्डन शहरात एक माणूस चाकू फिरवत रस्त्यावरून चालत निघाला. पोलिसांनी त्याच्याभोवती सैलसर कडं केलं आणि त्याच्यासोबत चालत राहिले. पुढचा रस्ता मोकळा करायचा, बोलत राहायचं, चालत राहायचं. काही मिनिटांनी चाकू खाली पडला आणि तो जिवंत पकडला गेला. त्याचं चित्रीकरण आहे. बघायला अगदी कंटाळवाणं, आणि त्यातच त्याचं यश आहे.

त्याच महिन्यात अमेरिकेतले काही पोलीस प्रमुख स्कॉटलंडच्या पोलीस प्रशिक्षण केंद्रात गेले. तिथला बहुतेक पोलीस पिस्तुलाशिवाय फिरतो. सुरा घेतलेला माणूस तिथेही असतो. मग ते काय करतात? मागे सरकतात, मध्ये काहीतरी आणतात, बोलतात, कुमक येईपर्यंत वेळ काढतात. पिस्तूल नसल्यामुळे एकवीस फुटांचा अर्थ तिथे आपोआपच ‘आधीच सरक’ असा राहिला. या दौऱ्यानंतर, २०१६ मध्ये, अमेरिकेतल्या पोलीस प्रमुखांच्या संशोधन संस्थेने तीस तत्त्वं मांडली आणि ‘एकवीस फुटांचा नियम’ शिकवणं थांबवा, असं त्यात स्पष्ट सांगितलं. त्यावर आधारित प्रशिक्षणही तयार झालं. त्याचा रोख बंदूक नसलेल्या, पण हातात सुरा किंवा दांडका असलेल्या माणसांवर होता.

या प्रशिक्षणाची नीट चाचणी लुइव्हिल शहरात झाली. २०१९ मध्ये पोलिसांना एकदम न शिकवता टप्प्याटप्प्याने शिकवलं आणि आधी कोणता विभाग, नंतर कोणता, हे यदृच्छेने ठरवलं. औषधांच्या चाचण्यांमध्ये करतात तसंच. परिणाम: बळाचा वापर सुमारे २८ टक्क्यांनी कमी, नागरिकांच्या जखमा २६ टक्क्यांनी कमी आणि पोलिसांच्या जखमा ३६ टक्क्यांनी कमी. शेवटचा आकडा पुन्हा वाचा. सर्वांत जास्त फायदा पोलिसांचाच झाला.

पण याच लुइव्हिलमध्ये, याच दलाच्या पोलिसांनी मार्च २०२० मध्ये मध्यरात्री दार फोडून टाकलेल्या छाप्यात ब्रिओना टेलर ही तरुणी स्वतःच्या घरात मारली गेली. प्रशिक्षण रस्त्यावरच्या पोलिसाला ‘सावकाश’ म्हणायला शिकवतं. पण मध्यरात्री दार फोडायची योजना वरिष्ठ आखतात. घाई तिथेच, कागदावर, ठरलेली असते.

मग नेहमी थांबायचंच का? नाही. आणि हा मुद्दा सुटला तर मागचं सगळं बिघडतं. एप्रिल १९९९ मध्ये कोलंबाइन शाळेत दोन विद्यार्थी गोळ्या झाडत होते. पोलिसांनी तेव्हाच्या शिकवणीप्रमाणे वेढा घातला आणि खास पथकाची वाट पाहिली. आत एक जखमी शिक्षक तासन् तास रक्तस्राव होत पडून राहिले आणि गेले. त्यानंतर शिकवण बदलली: गोळीबार चालू असेल तर पहिल्या आलेल्यांनी लगेच आत शिरायचं. तरीही मे २०२२ मध्ये टेक्सासच्या युवाल्डे गावात पोलीस ७७ मिनिटं वर्गाबाहेर थांबले. १९ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. ब्रुकलिनमध्ये ज्याने जीव वाचवले, त्यानेच इथे घेतले.

म्हणजे ‘थांबा’ हाही एकवीस फुटांसारखाच आहे: अटींसकट येणारा. खरा प्रश्न असा, की वेळ कुणाच्या बाजूने आहे? माणूस एकटा आहे, हातात सुरा आहे, आसपास कुणी नाही, तर जाणारं प्रत्येक मिनिट सगळ्यांच्या फायद्याचं. आत जखमी मुलं आहेत, तर प्रत्येक मिनिट मारणाऱ्याच्या फायद्याचं.

आपल्याकडचं काय? इथे एक थेट धागा आहे. १९९५ ते १९९७ या काळात मुंबई पोलिसांच्या सुमारे ९९ चकमकींमध्ये १३५ च्या आसपास माणसं मारली गेली. त्यावरून सुरू झालेल्या ‘पीयूसीएल विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये १६ मार्गदर्शक सूचना दिल्या. गुन्हा नोंदवा, तपास सीआयडीकडे किंवा दुसऱ्या ठाण्याकडे द्या, दंडाधिकारी चौकशी करा, चकमकीनंतर लगेच बढत्या आणि शौर्यपदकं देऊ नका. फार मोलाच्या सूचना आहेत. पण त्यांचा भर गोळी सुटल्यानंतरच्या गोष्टींवर आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रस्त्यावर भटकणाऱ्या आजारी माणसाला संरक्षण देऊन २४ तासांत सरकारी आरोग्य केंद्रात न्यायची जबाबदारी पोलिसांवर टाकली. ते ‘आधी’च्या दिशेने टाकलेलं पाऊल म्हणता येईल. पण जबाबदारी कागदावर येणं वेगळं आणि हवालदाराला ती पार पाडायला शिकवणं वेगळं. मेम्फिसने शिकवण्याला ४० तास दिले होते.

तर पुढच्या वेळी बातमीत ‘तो शस्त्र घेऊन अंगावर धावून आला, पोलिसांनी स्वसंरक्षणार्थ गोळी झाडली’ असं वाक्य दिसलं, तर ते लगेच खरं किंवा खोटं ठरवू नका. ते अगदी खरं असू शकतं. फक्त चार प्रश्न विचारा. दहा मिनिटांपूर्वी दोघांमध्ये किती अंतर होतं? मध्ये काही आणता आलं असतं का? त्याच्याशी कोण बोलत होतं, एक जण की सगळे? आणि वेळ कुणाच्या बाजूने होता? यांची उत्तरं बातमीत बहुधा सापडणार नाहीत, कारण ती नोंदवायची पद्धतच आपल्याकडे रुळलेली नाही. फाईफ यांच्याकडे प्रत्येक गोळीची नोंद होती, म्हणून त्यांना प्रबंध लिहिता आला. आपल्याकडे चौकशीच्या नमुन्यात गोळीआधीच्या दहा मिनिटांसाठी एक रकाना वाढवला, तरी सुरुवात होईल.